राजवाडा दिसतो, पाणी दिसत नाही

भोर म्हटलं की पाहुण्यांना राजवाडाच आठवतो. शूटिंग, सेल्फी, झालं. पंत सचिवांचं संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, आपण अजून त्याच कौतुकात.

मला विचाराल तर आपला खरा इतिहास भाटघरला आहे. इंग्रजांनी वेळवंडीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण बांधलं. ते पुरेना म्हणून १९२० च्या दशकात त्याहून मोठं. खोऱ्यातली भातखाचरं बुडाली. आणि कालवे सुरू होतात कुठं? खाली वीरला! म्हणजे पाणी बारामती, इंदापूर, फलटणला. तिकडं ऊस उभा राहिला, कारखाने आले. आपण पडलो वर. पाणी काही उलटं चढत नाही. पुढं नीरा देवघर झालं, तिथंही गावं उठलीच.

पावसाळ्यात इथं छत्री टिकत नाही, पण एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर टँकर. धरण दारात, हंडा रिकामा. तिकडच्या शेतकऱ्याशी आपलं भांडण नाही हो, त्यांचा दुष्काळही खराच होता. पण वरच्या गावांना पाणी उचलून द्या म्हणून आपण सगळे एकत्र कधी बसलो? राजवाड्यात शूटिंग असलं की मात्र अख्खं गाव गोळा होतं.