अंधारखोलीचे स्थलांतर : अजिंठ्यापासून रंगीत निगेटिव्हपर्यंत

मराठीत फिल्म ‘धुतली’ जाते. इंग्रजी संज्ञेत गुंडाळलेले उलगडण्याची कल्पना आहे. मराठी बोलीने मात्र पाणी, भांडे आणि हात यांच्याशी निगडित असे घरगुती क्रियापद निवडले. ही निवड केवळ योगायोगाची नव्हे. छायाचित्र कोठे धुतले जाते, या प्रश्नाशी त्या कलेचा इतिहास बांधलेला आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात या इतिहासाचा आरंभ अजिंठ्याला दिसतो. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्याने रंगविलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. ती उरली, परंतु रंगावाचून. त्या काळी प्रचलित असलेल्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावे लागे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती अवघ्या काही मिनिटांत सुकणार. अर्थात जेथे चित्र, तेथेच अंधारखोली, हा त्या पद्धतीचा अपरिहार्य नियम होता.

पुढे कोरडी काच आणि लवचिक फिल्म आली, तेव्हा हा नियम शिथिल झाला आणि अंधारखोली घरात आली. याचे ठळक मराठी उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके यांचे दादर येथील बिऱ्हाड. १९१३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म राहत्या घरीच धुतली गेली. फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे, ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती. भारतीय चित्रपटाच्या आरंभीचे रसायनकार्य अशा रीतीने एका गृहिणीच्या हातून झाले, ही गोष्ट इतिहासलेखनात बहुधा ओझरतीच येते.

रंगाने मात्र हे काम घराबाहेर नेले. १९३५ च्या कोडाक्रोम फिल्ममध्ये रंग निर्माण करणारी द्रव्ये फिल्ममध्ये नसून धुण्याच्या द्रावणांत असत. तीन रंगांचे तीन स्वतंत्र संस्कार कारखान्यातच शक्य होते. उलट रंगीत निगेटिव्हमध्ये ही द्रव्ये फिल्मच्या थरांतच बसविलेली असतात. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ पद्धतीत विकासक द्रावणात सव्वातीन मिनिटे, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस. त्यानंतर विरंजन, स्थिरीकरण आणि धुणे, एवढाच क्रम उरतो. फिल्म डब्यात भरण्यापुरता पूर्ण अंधार पुरतो. पुढील काम उजेडात, साध्या बादलीतील पाण्याच्या आधाराने होऊ शकते. अट एकच, तापमान अर्ध्या अंशानेही ढळू नये. २० अंशांच्या आसपास धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्मसाठी या प्रदेशात उन्हाळ्यात बर्फ लागतो. रंगीत फिल्मचे तापमान मात्र मे महिन्यातील दुपारच्या हवेशी जवळजवळ जुळते.

येथे ‘धुणे’ या क्रियापदाची यथार्थता प्रत्ययास येते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र चांदीचे असते व ते तसेच राहते. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी प्रथम चित्र घडविते, तिच्या सान्निध्यात रंगद्रव्य तयार होते, आणि मग विरंजन व स्थिरीकरण यांनी ती सर्व चांदी धुऊन जाते. मागे उरतो तो केवळ रंग.

यातून निघणारा निष्कर्ष इतिहासाभ्यासकाने ध्यानी घ्यावा असा आहे. कोडाक्रोम धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस ते काम थांबवून बसली. तेव्हापासून न धुतलेल्या त्या फिल्मवरील रंग जवळजवळ अप्राप्य झाले. सी-४१ आजही जिवंत आहे, आणि शेवटची प्रयोगशाळा बंद पडली तरी ती घरात चालू राहू शकेल. जी विद्या घरात मावते ती कारखान्याच्या मरणाने मरत नाही. तथापि धुतलेल्या निगेटिव्हचे रंगही चिरंजीव नाहीत. अजिंठ्याचे खनिज रंग सुमारे दीड हजार वर्षे टिकले. सेंद्रिय रंगद्रव्ये उष्णतेत व दमट हवेत काही दशकांतच फिकटतात. या जिल्ह्यातील घराघरांत पत्र्याच्या पेट्यांतून पडून असलेल्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील निगेटिव्ह हा म्हणूनच नाशवंत दप्तरसंग्रह होय. त्याची नोंद व जतन यांचे कार्य, पेट्यांतील रंग शाबूत आहेत तोवरच हाती घेणे इष्ट ठरेल.