पिकांवरील जड धातूंच्या प्रदूषणाचा परिणाम

जड धातूंच्या प्रदूषणाचा पिकांवरील परिणाम म्हणजे कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे व आर्सेनिक या धातुसदृश मूलद्रव्याचे मातीतील किंवा सिंचनाच्या पाण्यातील प्रमाण वाढल्यामुळे पिकांची उगवण, वाढ, उत्पादन आणि गुणवत्ता यांत होणारे बदल. ज्यांची घनता साधारणपणे दर घन सेंटिमीटरला ५ ग्रॅमपेक्षा अधिक असते, त्या धातूंना रूढार्थाने जड धातू म्हणतात. त्यांपैकी तांबे, जस्त आणि निकेल ही पिकांची सूक्ष्म अन्नद्रव्ये असून ती अल्प प्रमाणात आवश्यक, तर जास्त प्रमाणात विषारी ठरतात. कॅडमियम, शिसे व पारा यांचा पिकांच्या वाढीसाठी कोणताही उपयोग ज्ञात नाही. सेंद्रिय प्रदूषकांप्रमाणे धातूंचे विघटन होत नाही. त्यामुळे एकदा दूषित झालेली जमीन दीर्घकाळ दूषित राहते.

== स्रोत ==
मूळ खडकाच्या झिजेतून मातीत काही धातू निसर्गतःच येतात. मानवनिर्मित स्रोतांमध्ये खाणी, धातू शुद्धीकरणाचे कारखाने, चर्मोद्योग व विद्युतविलेपन यांचे सांडपाणी, शहरी मैल्याचा गाळ आणि दगडी कोळशाची राख यांचा समावेश होतो. शेतीतील निविष्ठांमधूनही धातू मातीत येतात. फॉस्फेट खतांत खनिजाबरोबर आलेले कॅडमियम आढळते, तर बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारलेल्या द्राक्षबागांच्या मातीत तांबे साठत जाते.

== मातीतील उपलब्धता ==
मातीतील धातूच्या एकूण प्रमाणावरून पिकाला होणारा अपाय ठरत नाही. मातीच्या द्रावणात विरघळलेला किंवा सहज विरघळू शकणारा अंशच मुळांना मिळतो. सामू, चिकणमातीचे व सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण, लोह व मँगनीज यांची ऑक्साइडे आणि पाण्याचा निचरा यांवर हा अंश अवलंबून असतो. आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त व निकेल अधिक विद्राव्य असतात, तर चुनखडीयुक्त विम्लधर्मी मातीत ते घट्ट धरून ठेवले जातात. त्यामुळे कॅडमियमचे एकूण प्रमाण सारखेच असले, तरी कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत ते पिकाला अधिक उपलब्ध होण्याची शक्यता असते. विदर्भ-मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या मातीत ती कमी असते. धातूचे रासायनिक रूपही महत्त्वाचे असते. षट्संयुजी क्रोमियम हे त्रिसंयुजी क्रोमियमपेक्षा अधिक चल व विषारी असते.

== वाढीवरील परिणाम ==
विषबाधेचा पहिला आघात बहुधा मुळांवर होतो. मुळांच्या टोकांतील पेशीविभाजन मंदावते, मुळे आखूड व तपकिरी होतात आणि पाणी व अन्नद्रव्यांचे शोषण घटते. कॅडमियम हे लोह व जस्ताच्या शोषणात अडथळा आणते. त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडतात. हे लक्षण लोहाच्या कमतरतेसारखेच दिसत असल्याने निदानात गल्लत होऊ शकते. हरितद्रव्याची निर्मिती घटल्याने प्रकाशसंश्लेषण मंदावते. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी धातूंचा संयोग झाल्यास विकरे निष्क्रिय होतात. पेशींमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाढून पेशीपटलांना इजा होते. भातात आर्सेनिकचे प्रमाण फार वाढल्यास दाणे भरत नाहीत आणि वजनाअभावी लोंब्या ताठ उभ्या राहतात.

शेंगवर्गीय पिकांत मुळांवरील गाठींमध्ये राहणाऱ्या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंनाही धातू अपायकारक ठरतात. इंग्लंडमधील वोबर्न येथे १९४२ ते १९६१ या काळात मैल्याचा गाळ दिलेल्या जमिनीत, गाळ देणे थांबवून सुमारे वीस वर्षे उलटल्यावरही क्लोव्हर या चारापिकाच्या मुळांवरील जिवाणू नत्र स्थिर करू शकत नसल्याचे आढळले.

== वनस्पतींची संरक्षण यंत्रणा ==
बहुतेक पिके शिसे मुळांतच अडवून ठेवतात. त्यामुळे ते दाण्यांपर्यंत फारसे पोहोचत नाही. पेशीत शिरलेल्या कॅडमियमला फायटोकेलॅटिन ही ग्लुटाथायोनपासून तयार होणारी गंधकयुक्त पेप्टाइडे बांधून ठेवतात व ते रिक्तिकांमध्ये साठवले जाते. या यंत्रणेमुळे कॅडमियमचे मानवी आहाराच्या दृष्टीने घातक असलेले प्रमाण सहन करूनही पीक निरोगी दिसू शकते. म्हणूनच पिकाची जोमदार वाढ हा त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. पालकासारख्या पालेभाज्यांत कॅडमियम विशेष प्रमाणात साठते.

== भातातील कॅडमियम व आर्सेनिक ==
भात प्रामुख्याने मँगनीज वाहून नेणाऱ्या प्रथिनाद्वारे कॅडमियम शोषतो, तर आर्सेनाइट हे सिलिकॉनच्या मार्गाने मुळांत शिरते. खाचरात पाणी साचलेले असताना कॅडमियमचे अविद्राव्य सल्फाइड बनते व त्याचे शोषण घटते. परंतु त्याच स्थितीत लोहाची ऑक्साइडे विरघळून त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. पाणी काढून टाकल्यास याच्या उलट घडते. त्यामुळे एका प्रदूषकावरील उपाय दुसऱ्याचे प्रमाण वाढवू शकतो. पश्चिम बंगाल व बांगलादेशात आर्सेनिकयुक्त भूजलावर घेतल्या जाणाऱ्या उन्हाळी बोरो भातात हा प्रश्न विशेष गंभीर आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार पॉलिश केलेल्या तांदळात दर किलोग्रॅममागे कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम व असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

== जिन्झू खोरे ==
जपानच्या तोयामा प्रांतातील जिन्झू नदीत कामिओका येथील जस्त-शिशाच्या खाणीतून कॅडमियम मिसळत असे. या नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या खाचरांत, विशेषतः पाणी आत येण्याच्या तोंडापाशी, ते साठत गेले. पिकांच्या नुकसानीच्या तक्रारी रोगाचे कारण कळण्याच्या कितीतरी आधीपासून होत होत्या. दूषित तांदूळ व पाणी यांमुळे रहिवाशांना, मुख्यत्वे उतारवयातील स्त्रियांना, मूत्रपिंडे निकामी होणे व हाडे मऊ होऊन मोडणे असा विकार जडला. असह्य वेदनांमुळे त्याला ‘इताई-इताई’ (दुखतंय, दुखतंय) हे नाव पडले. जपान सरकारने १९६८ साली हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. १९७९ मध्ये दूषित माती गाडून किंवा काढून तिच्या जागी स्वच्छ माती घालण्याचे काम सुरू झाले. सुमारे ८६० हेक्टर जमिनीवरील हे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले.

== उपाय ==
* प्रदूषण मुळाशीच रोखणे, तसेच सांडपाणी व गाळ शेतात वापरण्यापूर्वी त्यांची तपासणी करणे.
* आम्लधर्मी मातीत चुना, सेंद्रिय खत किंवा जैवकोळसा घालून कॅडमियमची उपलब्धता कमी करणे. चुन्याने सामू वाढल्यास आर्सेनिक मात्र अधिक चल होऊ शकते.
* भातात पाणी आलटून पालटून देणे व काढणे. मात्र त्याआधी जमिनीत कोणता धातू आहे हे तपासणे.
* धातू कमी शोषणारे वाण लावणे. जपानमध्ये ‘कोशिहिकारी’ या वाणावर आयन किरणांचा मारा करून दाण्यात अत्यल्प कॅडमियम असलेला वाण विकसित करण्यात आला आहे.
* धातू शोषून साठवणाऱ्या वनस्पतींद्वारे जमीन शुद्ध करणे. टेरिस विटाटा हे नेचे आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठवते. या पद्धतीला अनेक वर्षे लागतात आणि कापलेल्या वनस्पतींची सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते.
* अतिदूषित जमिनीत अन्नपिकांऐवजी तंतुपिके किंवा शोभेची झाडे घेणे.