न दिसणाऱ्या ग्रहांचें वजन

देवळाच्या दीपमाळेपाशीं उडणारें चिलट कोसभर अंतरावरून दिसावयाचें नाहीं. परक्या सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या ग्रहाची स्थिति तशीच आहे. मग जो दिसतच नाहीं, त्याचें वजन माणसानें कसें केलें?

मोठ्या वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वांकतो, हें आइन्स्टाइन यांचें भाकित २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणांत प्रत्ययास आलें. पुढें रूडी मांडल नांवाच्या गृहस्थांनीं त्यांस विचारलें, 'एका ताऱ्यासमोर नेमका दुसरा तारा आला, तर पुढचा तारा भिंगाचें काम करील काय?' त्यांच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांनीं १९३६ सालीं एक छोटें टिपण प्रसिद्ध केलें. गणिताचें उत्तर 'होय' असें होतें. परंतु असा योग पाहावयास मिळण्याची फारशी आशा नाहीं, असा शेराही त्यांनींच मारला.

शेरा निराधार नव्हता. आकाशगंगेच्या मध्याकडील दहा लक्ष ताऱ्यांत एखाददुसराच अशा योगांत सांपडतो. यावर बोहदान पाचिन्स्की या पोलिश ज्योतिर्विदांनीं १९८६ सालीं उपाय सुचविला: लक्षावधि ताऱ्यांचें तेज रात्रीमागून रात्र मोजीत राहावें. भिंग झालेल्या ताऱ्यास ग्रह असेल, तर तेजाच्या चढउतारांत आणखी एक लहानसा उंचवटा उमटेल, हें त्यांनीं व शूदे माओ यांनीं १९९१ सालीं दाखविलें. तो उंचवटा किती वेळ टिकतो, यावरून ग्रह व तारा यांच्या वस्तुमानांचें प्रमाण निघतें. १९९३ सालीं असे योग प्रथम सांपडले. २००४ सालीं या रीतीनें शोधलेला पहिला ग्रह जाहीर झाला. तो गुरूहून मोठा होता.

ऑगस्ट २००५ मधील शोध याहून नाजूक होता. दूरच्या ताऱ्याचें तेज वाढून ओसरत असतां सुमारें एक दिवसापुरतें किंचित् उसळलें. तेवढ्यावरून पृथ्वीच्या साडेपांचपट वस्तुमानाचा, शून्याखालीं सुमारें २२० अंश थंड असा ग्रह उमगला. चिलींत उजाडलें म्हणजे ऑस्ट्रेलियांत रात्र असते. पहारेकऱ्यांप्रमाणें वेधशाळांनीं आळीपाळीनें जागून हा दिवस टिपला.

हा योग मात्र पुन्हां येत नाहीं. दोन्ही तारे आपापल्या वाटेनें जातात आणि ग्रह नजरेआड होतो. हातीं उरतात तीं त्या रात्रींचीं मोजमापें. एकट्या पाहणाऱ्यापुरता आइन्स्टाइन यांचा शेरा आजही खरा आहे. तो खोटा पाडला, तो अनेक देशांत वांटून घेतलेल्या जागरणानें.