ॲबिंग्डनची रुपेरी पट्टी
ऑक्सफर्डपासून थोड्या अंतरावर, टेम्सकाठच्या ॲबिंग्डन गावी, ज्या कारखान्यात १९२९ पासून एम.जी. मोटारी घडत होत्या, तेथूनच १९६२ साली बाहेर पडलेल्या एम.जी.बी. या मोटारीच्या अंगावरील रुपेरी अलंकार केवळ शोभेसाठी होते असे मानले, तरी त्यांची निगा राखणाऱ्यास धातुशास्त्राचाच आश्रय घ्यावा लागतो. पोलादी बंपरावर आधी निकेलचा व त्यावर क्रोमियमचा अत्यंत पातळ थर चढवीत. निळसर तकाकी क्रोमियमची, संरक्षण मात्र मुख्यत्वे निकेलचे! बाजूची लांब पट्टी पत्र्यातील छिद्रांत बसविलेल्या क्लिपांवर तोललेली असते, आणि गंजाचा अंमल प्रथम बसतो तो पट्टीवर नव्हे, तर तिच्याआड दडलेल्या त्या छिद्रांच्या कडांवर. म्हणूनच जाणता कारागीर पट्टी उपसून काढण्याची घाई करीत नाही, क्लिपा एकेक सोडवून, कडा खरवडून, रंग व मेण भरूनच ती पूर्ववत बसवितो. १९७४ साली अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांपायी क्रोमच्या बंपरांची बरखास्ती होऊन काळे रबरी बंपर आले. आमच्या मते तो निखालस रूपऱ्हास होता. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्यालाच कुलूप लागले.