युबारी शहराचे नगरवित्त

युबारी हे जपानमधील होक्काइडो बेटावरचे खाण-शहर. सुमारे 3,530 कोटी येनची तूट उघड झाल्यावर मार्च 2007 मध्ये तेथील नगरपालिकेचा कारभार राष्ट्रीय शासनाच्या देखरेखीखाली गेला. ही रक्कम नगरपालिकेच्या सर्वसाधारण वार्षिक महसुलाच्या सुमारे आठपट होती.

पार्श्वभूमी : शहर दगडी कोळशावर वाढले आणि 1960 मध्ये लोकसंख्या सुमारे 1 लाख 17 हजारांवर पोचली. पुढे जपान आयात खनिज तेलाकडे वळला, तशा खाणी बंद पडत गेल्या. 1981 च्या खाण-दुर्घटनेत 93 कामगार मृत्युमुखी पडले. शेवटची खाण 1990 मध्ये बंद झाली. कंपन्यांनी चालवलेली घरे, पाणीपुरवठा व रुग्णालय नगरपालिकेला ताब्यात घ्यावे लागले. करदाते निघून गेले, पण सेवांचा खर्च वाढला. पर्यटनातून रोजगार मिळेल या आशेने कोळसा-इतिहास उद्यान, हॉटेले व स्कीइंग केंद्र यांत सार्वजनिक पैसा गुंतवला गेला. त्यातून पुरेसे उत्पन्न आले नाही. कोळसा क्षेत्रासाठीचे विशेष साहाय्यही 2001 नंतर आटले.

लपलेली तूट : जपानमध्ये आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, मात्र हिशेब पुरे करण्यास एप्रिल-मे असे दोन महिने मिळतात. या काळात नव्या वर्षाच्या खात्यातून जुन्या वर्षाच्या खात्यात रक्कम फिरवली जाई आणि प्रत्यक्ष रोकड बँकांच्या अल्पमुदतीच्या कर्जातून उभी केली जाई. त्यामुळे जुने वर्ष कागदावर समतोल दिसे व तूट पुढच्या वर्षावर ढकलली जाई. वर्षानुवर्षे असे चालल्याने नागरिकांना खर्चाबाबत निर्णय घेण्याची वेळ असताना खरी स्थिती कळली नाही. या प्रकरणातील सर्वांत गंभीर दोष हाच होय.

पुनर्रचना : परतफेडीच्या योजनेत स्थावर मालमत्ता कराचा दर 1.4 वरून 1.45 टक्के झाला. रहिवासी कराची ठरावीक रक्कम 3,000 वरून 3,500 येन झाली. नगरसेवकांची संख्या 18 वरून 9 वर आली. कर्मचाऱ्यांचे पगार मोठ्या प्रमाणात कापले गेले व अनेकांनी नोकरी सोडली. 171 खाटांच्या नगरपालिका रुग्णालयाचे 19 खाटांच्या दवाखान्यात रूपांतर झाले. प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक स्तरावर प्रत्येकी एकच शाळा उरली. विखुरलेल्या वस्त्या शिमिझुसावा भागात एकवटण्याचे धोरणही पुढे आले.

परिणाम व मूल्यमापन : या घटनेनंतर 2007 मध्ये स्थानिक संस्थांच्या वित्तीय सुस्थितीचा कायदा झाला. त्यात नगरपालिकेची विशेष खाती, तिचे उपक्रम आणि भावी दायित्वे एकत्र धरून चार गुणोत्तरे तपासली जातात. एका खात्याची तूट दुसऱ्यात दडवणे त्यामुळे अवघड झाले. कर्ज ठरल्याप्रमाणे फिटत राहिले, परंतु वाढलेले कर व घटलेल्या सेवा यांमुळे तरुण कुटुंबे शहर सोडत राहिली. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 7,334 भरली. 2017 मध्ये योजना सुधारून घरे व बालसंगोपन यांसाठी खर्चाला वाव देण्यात आला. शहराची वित्तीय सुस्थिती केवळ कर्जफेडीवरून ठरवता येत नाही, कर भरणारी माणसे तेथे राहू शकतात की नाही हेही पाहावे लागते, ही गोष्ट युबारीच्या अनुभवाने स्पष्ट केली.