स्पीकर झोपतो तेव्हा

कळमन्याच्या बाजार समितीत संत्र्यांचा लिलाव सुरू झाला की आवाजाला तोटा नसतो. तिथून जवळच्याच एका शाळेत मात्र आम्हाला उलट अनुभव आला. इंग्रजी श्रवणाच्या तासाला संगणकाला जोडलेल्या स्पीकरवर आम्ही वाक्ये ऐकवत होतो, मुले ती वहीत उतरवत होती. मध्ये वीस मिनिटे व्याकरण समजावले आणि पुन्हा वाक्ये लावली. पहिल्या वाक्यातले पहिले दोन शब्द कोणाच्याच वहीत नव्हते. ‘लक्ष कुठे होते?’ म्हणून आम्ही रागावलो, गुणही कापले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गात नेमके तेच घडले, तेव्हा कुठे आमचा संशय मुलांवरून स्पीकरकडे वळला.

स्पीकर बिघडला नव्हता, तो झोपला होता. या झोपेला एक इतिहास आहे.

आपल्या टेबलावरचा स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो, त्याचा नमुना जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी 1925 साली मांडला. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवा हलवतो. त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हवर चालत. बटण दाबले तरी व्हॉल्व्हमधली तार तापेपर्यंत आवाज येत नसे. 1948 साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हाच्या श्रोत्यांनाही अशी वाट पाहावी लागे. पुढे अमेरिकेत काही दूरचित्रवाणी संचांत ही वाट वाचवण्यासाठी संच बंद असतानाही व्हॉल्व्ह कोमट ठेवण्याची युक्ती निघाली. वेळ वाचला, पण वीज रात्रंदिवस जळू लागली.

ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्ह तापवण्याची गरज संपली, तरी ‘सदा तयार’ राहण्याची सवय उपकरणांना लागली ती लागलीच. 1998 साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील अ‍ॅलन मायर यांनी सुचवले की, नुसत्या तयारीत बसलेल्या उपकरणाने एक वॉटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ही कल्पना उचलून धरली. युरोपीय संघाने 2008 साली तसा नियम केला. 2010 पासून साधारण एक वॉटची आणि 2013 पासून अर्ध्या वॉटची मर्यादा आली. शिवाय काम नसेल तर उपकरणाने आपोआप झोपावे, अशी अटही आली. अनेक उत्पादक एकच नमुना जगभर विकतात. त्यामुळे युरोपातला नियम कळमन्याच्या वर्गातही येऊन पोचतो.

हा नियम निरर्थक नाही. तीन वॉट घेणारे उपकरण वर्षभर तसेच ठेवले तर 3 × 24 × 365 म्हणजे 26,280 वॉट-तास, अर्थात सुमारे 26 युनिटे वीज जाते. अर्ध्या वॉटला चार-साडेचार युनिटे पुरतात.

अडचण आहे ती स्पीकरला ‘काम नाही’ हे कळते कसे, यात. आतला छोटा परिपथ येणाऱ्या संकेताची पातळी पाहत असतो. ठरावीक मिनिटे ती मर्यादेखाली राहिली की अँप्लिफायरचा पुरवठा तोडला जातो. संकेत आला की पुरवठा पुन्हा जुळतो, पण त्याला क्षणभर लागतो. आमचे दोन शब्द त्या क्षणात गेले. संगणकाचा आवाज फार कमी ठेवला असेल, तर चालू असलेले हळू बोलणेही या परिपथाला शांतता वाटते.

तेव्हा आधी घड्याळ लावून पाहावे. दर वेळी तितक्याच शांततेनंतर आवाज जात असेल, तर ती झोप आहे. मोठा आवाज चालू असताना मध्येच जात असेल, तर सैल पिन किंवा अडॅप्टर तपासावा. संगणकाऐवजी मोबाइल जोडूनही पाहावे. दोष नाहीसा झाला, तर वीज वाचवण्यासाठी संगणकाचाच ध्वनिविभाग झोपत असण्याची शक्यता आहे. उपाय सोपे आहेत. संगणकाचा आवाज वाढवून स्पीकरची कळ कमी करावी. स्पीकरच्या मागे आपोआप बंद होण्याचे बटण असेल तर ते तासापुरते फिरवावे. तेही नसेल, तर वाक्यापूर्वी काही सेकंद संगीत वाजवावे.

आम्ही हाच प्रयोग वर्गात केला. घड्याळ मुलांनीच धरले. नंतर कापलेले गुण आम्ही परत दिले. मुले ऐकत नव्हती असे नव्हे, आम्हीच त्यांना ऐकवले नव्हते.