इंग्रजी धड्यातली माणसं

सोलापूरपर्यंतची रेल्वे १८६० साली पुरी झाली आणि त्याच मार्गावर मोहोळला स्टेशन आलं. गाडीबरोबर थोडी इंग्रजीही फलाटावर उतरली. तिकीट, गार्ड, सिग्नल, लेट हे शब्द इथल्या माणसाला शाळेचं तोंड न पाहता मिळाले, आणि मिळाले ते कामासकट. गाडी लेट म्हटलं की पथारी पसरायची, सिग्नल पडला की गाठोडं उचलायचं. शाळेतून आलेली इंग्रजी मात्र कामावाचून आली. या तालुक्यात इंग्रजी शिकवताना मला आयुष्यभर सलत राहिलं ते हेच.

आधीच्या पिढ्यांची इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसली. त्या पुस्तकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. व्याकरण इतकं पक्कं करून घेणारं दुसरं साधन तेव्हा खेड्यातल्या मुलाच्या हाती नव्हतं. पण त्या पद्धतीत वाक्याला वाक्य लागायचं, माणसाला माणूस लागत नव्हता. पुढे रचना-पद्धती आली. मास्तर दाराकडे चालत जायचे आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, ‘ही इज गोइंग टू द डोअर.’ मास्तर दाराकडे निघालेत हे सगळ्यांना दिसतच होतं. मग ते कुणी, कुणाला आणि कशासाठी सांगायचं?

नेमका हाच प्रश्न विचारणारं एक शास्त्र तोवर उभं राहिलं होतं. ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२३च्या निबंधात दाखवलं की बोलणं हे आधी एक कृत्य असतं. प्रसंग काढून घेतला की वाक्याचा अर्थ हाती राहत नाही. पुष्कळसं बोलणं तर माहितीसाठी नसतंच, ते नातं जागं ठेवण्यासाठी असतं. आमच्या एसटी स्टँडवर ‘काय पाव्हणं, कुणीकडं?’ असं विचारणाऱ्याला गावाचं नाव नको असतं. ‘हितंच जरा’ एवढ्यावर दोघांचंही समाधान होतं. मालिनोव्स्कीचा हा विचार भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थने पुढे नेला. हा फर्थ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याचा शिष्य मायकेल हॅलिडे याने त्यातून कार्यलक्ष्यी व्याकरण, म्हणजे भाषा कोणतं काम करते यावरून तिची रचना सांगणारं व्याकरण, बांधलं. हॅलिडेची सहकारी आणि पत्नी रुकैया हसन हिचा जन्म १९३१चा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. भाजीच्या दुकानातला साधा इंग्रजी संवाद घेऊन तिने त्यातले टप्पे उलगडले: मागणी, होकार, माल देणं, पैसे, निरोप. कोणता टप्पा गाळला तर ती खरेदीच राहत नाही आणि कोणता गाळला तरी चालतो, हेही तिने मांडलं.

पण माझा सगळ्यात आवडता दाखला टी. एफ. मिचेलचा. फर्थच्याच परंपरेतल्या या माणसाने १९५७ साली लिबियातल्या सिरेनेइका भागातल्या बाजारांमधली देवघेवीची भाषा मांडली. दुवासलाम, मालाची चौकशी, पारख, घासाघीस, सौदा असा क्रम त्याने लावला. मी ते वाचलं आणि डोळ्यांपुढे सांगोल्याचा जनावरांचा बाजार उभा राहिला. गिऱ्हाईक आधी खिलार बैलाकडे बघतच नाही, पाऊसपाण्याचं विचारतं. मग दात बघणं, चालवून बघणं. आणि ऐन भावाच्या वेळी दोघं गप्प होतात. दलाल उपरण्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. आजूबाजूला माणसं असतात आणि त्यांना भाव कळू द्यायचा नसतो, म्हणून तो टप्पा बोलण्याकडून स्पर्शाकडे जातो. भाषा प्रसंगाच्या पोटातून येते हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला पुस्तकात कुठे दिसलं नाही. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी त्या बाजारात उभं राहावं असं मी मनापासून म्हणतो.

आता इंग्रजीकडे येतो. ‘कॅन आय हॅव अ तिकीट टू पुणे, प्लीज?’ वाक्य प्रश्नार्थक आहे, पण उत्तर म्हणून ‘यस’ म्हणून कारकून स्वस्थ बसला तर? हॅलिडेची मांडणी इथे उपयोगी पडते. बोलणारा एक तर देतो किंवा मागतो. आणि देतो-मागतो ती एक तर माहिती असते किंवा वस्तू, सेवा. या वाक्यात वस्तू मागितली आहे, म्हणून खरं उत्तर तिकीट हेच. आमची मुलं ‘कॅन’ म्हणजे ‘शकणे’ एवढंच शिकून आलेली असायची.

पुढे पाठ्यपुस्तकांत विनंती करणं, परवानगी मागणं अशी शीर्षकं आली, परीक्षेत ‘संवाद पूर्ण करा’ आलं. ही सुधारणा मोठीच होती. तरी संवादातले दोघं नावापुरतेच राहिले. मी वर्गात विचारायचो: यातला थोरला कोण? ओळख कालची की जुनी? कुणाचं कुणाकडे अडलंय? मोहोळच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. मालकाशी, चुलत्याशी, व्याह्यांशी कसं बोलायचं हे ती घरातून घेऊन येतात. मराठीत आदर तू-तुम्ही-आपणमध्ये बसतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, मग तो जातो कुठे? तो ‘कुड’मध्ये जातो, ‘वुड यू माइंड’मध्ये जातो, मुद्द्यावर येण्याआधीच्या लांब वळणात जातो. हे एकदा दाखवलं की मुलं स्वतःच शोधू लागायची.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. तरी माझ्या विद्यार्थ्यांची पहिली खरी इंग्रजी फोनवर व्हायची, पुण्यातल्या एखाद्या कंपनीच्या मुलाखतीत. फोनवर ना चेहरा, ना हात. समोरचा बोलत असताना आपण ऐकतोय हे आवाजानेच कळवावं लागतं. व्याकरण चोख असलेली मुलं तिथे गप्प राहायची आणि पलीकडच्याला वाटायचं, लाइन कट झाली. ‘राइट’, ‘ओके’, ‘आय सी’ हे हुंकार मी शिकवलेल्या पुस्तकांत धडा म्हणून कधी आले नाहीत. म्हणून मी ते फळ्यावर लिहून द्यायचो: कोणता कुठे, कुणापुढे, आणि कितव्यांदा म्हटला की तो उर्मट वाटतो.